कारंज्यामागचा ‘त्या दृष्टीने’

विद्यापीठाच्या चित्रफीत विभागात तिला सगळे कात्री म्हणायचे. तोंडावर कात्रीताई, पाठीमागे नुसती कात्री. खरं तर तिच्या कामात कात्रीचा काही संबंध नव्हता. व्हिडिओची टेप कुणी कात्रीने कापत नाही. दोन यंत्रं शेजारी मांडायची, एकात चित्रीकरणाची मूळ टेप घालायची, दुसऱ्यात कोरी. हवं तेवढं इकडून तिकडे उतरवायचं, नको ते मागे सोडून द्यायचं. नाव पडलं ते जिभेवरून, आणि तिने ते पदवीसारखं मिरवलं.

कात्री काही विसरत नसे. शाळेत एका मुलीने तिच्या वेणीला च्युइंगम चिकटवलं होतं. पुढे त्याच मुलीच्या लग्नाची टेप जोडायचं काम कात्रीकडे आलं. तिने काम चोख केलं. पाहुणे, मांडव, हार, सगळं होतं. फक्त नवरीची जेवढी म्हणून दृश्यं ठेवली, त्या प्रत्येकात ती जांभई तरी देत होती, नाहीतर नाक खाजवत होती. तक्रार आली तेव्हा कात्री भोळेपणाने म्हणाली, जे घडलं तेच दाखवलंय.

“आमच्या नणंदबाईंनी डूख धरला,” वहिनी सांगायची, “तर नागीणसुद्धा वही-पेन घेऊन शिकवणीला येईल.”

वहिनी म्हणजे दादाची बायको. आणि दादा म्हणजे कात्रीचा थोरला भाऊ, दिवसभर परीक्षा विभागाच्या खिडकीत बसून हॉलतिकिटं वाटणारा आणि बाकी वेळ विद्यापीठाचा आवाज असणारा माणूस. विद्यापीठाची जाहिरात करणारी एकही फीत दादाच्या आवाजाशिवाय सुरू होत नसे. “ज्ञानाच्या या प्रांगणात... पाऊल ठेवताच...” असं तो म्हणायचा, आणि ‘ठेवताच’वर असा काही रेंगाळायचा की बघणाऱ्याला आपलेच पाय कुठे आहेत ते तपासावंसं वाटे. घरीही तेच. चहा आला की, “वाफांच्या या वलयांतून... अवतरत आहे... अर्धा कप.” वहिनी म्हणायची, अर्धाच मिळेल, पूर्ण हवा असेल तर साध्या माणसासारखं बोला.

शिवाय दादा नकला करायचा. कॅन्टीनवाला, पहिल्या बसचा कंडक्टर, आणि ग्रंथपाल, जे प्रत्येक शब्द असा मोजून द्यायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, हा आठ दिवसांत परत करायचाय. कात्री आणि दादा जेवायला बसले की ताटाभोवती अख्खं विद्यापीठ येऊन बसायचं. तिचा कान, त्याचा गळा. दिवसभरात कोण कुठे अडखळलं हे ती सांगायची, आणि तो लगेच अडखळून दाखवायचा.

त्या काळी प्रसिद्धी विभागाचे प्रमुख होते ते साहेब. उंच, गोरे, केस मागे वळवलेले, कोट असा की हँगर अजून आतच असावा. दिसायला जन्मजात वक्ते. फक्त बोलले की पंचाईत व्हायची. “आपल्या विद्यापीठाने, त्या दृष्टीने, गेल्या दशकात, त्या दृष्टीने, जी काही प्रगती, त्या दृष्टीने, त्या दृष्टीने, साधलेली आहे, ती बघता, त्या दृष्टीने...” कुठल्या दृष्टीने, ते शेवटपर्यंत कळायचं नाही. मुलं त्यांना ‘त्यादृष्टी’ म्हणायची. प्राध्यापक म्हणायचे, शिपाई म्हणायचे, फाटकावरचा पहारेकरी गाडी आत सोडताना पुटपुटायचा. सगळ्या विद्यापीठाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या साहेबांना.

याला कारण कात्री. साहेबांची प्रत्येक मुलाखत, प्रत्येक भाषण तिच्या यंत्रांवरून जायचं, आणि ती एकेक ‘त्या दृष्टीने’ खड्यासारखा निवडून बाजूला काढायची. खडा काढला की चित्रात उडी यायची. साहेबांचं डोकं डावीकडे असायचं ते एकदम उजवीकडे. ती उडी झाकायला वरून दुसरं चित्र लावावं लागे. खिडकीतून समोर कारंजं दिसायचं, त्याचं तिने हवं तेवढं चित्रीकरण करून ठेवलं होतं. एक ‘त्या दृष्टीने’ गेला की एक कारंजं. साहेब बोलायला लागले की पडद्यावर नुसतं पाणीच पाणी. लोकांना वाटलं, काय कल्पकता आहे. पुढे माहितीपुस्तकावर कारंजं आलं, मग पाकिटांवर, मग विद्यापीठाच्या बोधचिन्हातसुद्धा. एका माणसाच्या लकबीपायी अख्ख्या विद्यापीठाला कारंजं चिकटलं, आणि हे जगात कात्री आणि दादा या दोघांनाच माहीत होतं. दोघं जेवताना त्यावर ठसका लागेपर्यंत हसायची.

साहेब संध्याकाळी तयार फीत लावून बघत, मान डोलवत. आपण असे बोलतो, अस्खलित, पाण्यासारखे, यावर त्यांचा पक्का विश्वास बसला.

मग कर्मचाऱ्यांचं स्नेहसंमेलन आलं. दादाने रंगमंचावर सगळ्यांच्या नकला केल्या. लोक आडवे पडले. शेवटी कुणीतरी मागून ओरडलं, त्यादृष्टी होऊ दे. दादाने केस मागे वळवले, खांदे हँगरसारखे केले आणि बोलला. पहिल्या रांगेत बसलेले साहेबही थोडं हसले, कारण हे कोण आहे ते त्यांना कळलंच नाही. त्यांनी शेजाऱ्याला विचारलं. शेजाऱ्याने सांगितलं नाही, पण ज्या घाईने त्याने बुटाची नाडी बांधायला घेतली त्यावरून साहेबांना समजलं.

दुसऱ्या दिवशी चौकशी समिती बसली. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. मी असं बोलतच नाही. हवं तर टेप बघा. आणि समितीने टेप बघितल्या. एकामागून एक, कात्रीच्या हातच्या, घोटून गुळगुळीत केलेल्या. एकातही ‘त्या दृष्टीने’ नव्हता. समितीतल्या प्रत्येकाने साहेबांना शेकडो वेळा ऐकलं होतं. पण त्या दिवशी प्रत्येकजण आपापली नखं बघत राहिला आणि निकाल लागला, की सदर इसमाने वरिष्ठांची खोटी व बदनामीकारक नक्कल केली.

कात्री धावत कपाटाकडे गेली होती. ते शब्द आपणच काढले, हे बहिणीने नुसतं सांगून कोण मानणार? मूळ टेप सापडली असती तर सगळं मिटलं असतं. पण तेव्हा टेप महाग. एकदा फीत तयार झाली की मूळ टेपवर पुढचं चित्रीकरण व्हायचं. साहेबांच्या प्रत्येक ‘त्या दृष्टीने’वर आता खो-खोचे सामने होते.

दादाला त्याच रंगमंचावर उभं करून माफी मागायला लावली. साहेब म्हणाले, याचं चित्रीकरण करा, संस्थेच्या इतिहासात राहू दे. कॅमेऱ्यामागे कात्री होती. तिने भावाचा चेहरा चौकटीत घेतला, फोकस केला आणि लाल दिवा लागल्यावर मान हलवून खूण केली. दादा म्हणाला, “साहेब असे बोलत नाहीत. मी केलेली नक्कल खोटी होती.”

त्यानंतर त्याने फितींना आवाज देणं सोडलं, नव्हे, त्याला सोडायला लावलं. आणि नकलाही गेल्या. तेवढंच नाही, आवाजातला चढउतारच गेला. खिडकीतून हॉलतिकीट देताना तो ‘सही करा’ असं म्हणायचा की ते आधीच छापलेलं वाटावं. घरी चहा आला की, “ठेव.” जेवताना ताटाभोवती कुणी येईनासं झालं. वहिनीने एकदा मुद्दाम त्याला अर्धा कप दिला. त्याने तो पिऊन टाकला, काहीही न बोलता. वहिनी आत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली, घासलेलीच.

कात्री रडली नाही. तिने डूख धरला. ज्याला खोटा ठरवलं, त्याला त्याच पडद्यावर खरा ठरवायचा, आणि साहेबांना स्वतःचा आवाज ऐकवायचा, भर सभागृहात. त्या दिवसापासून साहेबांची एकही मूळ टेप तिने पुन्हा वापरायला दिली नाही. प्रत्येकीवर ‘खराब’ असं लिहून ती वरच्या फळीवर सरकवायची. खराब टेपकडे कोण बघतो? आणि फिती पूर्वीसारख्याच गुळगुळीत करत राहिली. उलट जास्तच. साहेबांचा खाकरासुद्धा काढायची. साहेब त्या फितींच्या जोरावर वर वर चढले. प्रसिद्धीप्रमुखाचे कुलसचिव झाले, कुलसचिवाचे कुलगुरू. वहिनीने एकदा विचारलं, त्या माणसाला अजून कशाला चोपडून चोपडून देता? कात्री म्हणाली, “वहिनी, जेवढा उंच जाईल तेवढा लांबून ऐकू येईल.”

कात्रीच्या निवृत्तीच्या वर्षीच विद्यापीठाचा सुवर्णमहोत्सव आला. साहेबांनी तिला दालनात बोलावलं. जुन्या सगळ्या टेप संगणकात उतरवून संग्रह करायचा, त्यातून विद्यापीठाच्या इतिहासाची एक मोठी फीत जोडायची, महोत्सवात सभागृहात दाखवायची आणि मग संकेतस्थळावर कायमची ठेवायची. मागच्या वर्षी वर्धापनदिनाची फीत बाहेरच्या एका कंपनीला दिली होती. त्या पोरांनी साहेबांचं भाषण चिमूटभर ठेवलं आणि बाकी ड्रोनमधून गच्च्या दाखवल्या. तो राग अजून गेला नव्हता.

“माझं जे काही बोलणं आहे, त्या दृष्टीने,” साहेब म्हणाले, “ते पूर्ण ठेवा. कापाकापी, त्या दृष्टीने, चालणार नाही.”

शिपाई कपबशा उचलत होता. तो ट्रे घेऊन दारापर्यंत पोचायच्या आत कात्रीने विचारलं, “म्हणजे साहेब, एक अक्षरही कापायचं नाही?”

“एक अक्षर नाही.”

“सगळं जसंच्या तसं?”

“त्या दृष्टीने, जसंच्या तसं.”

शिपायाच्या हातात कपबशा किणकिणल्या. कात्री म्हणाली, जशी आज्ञा. आणि इतक्या वर्षांत प्रथमच तिने साहेबांना मनापासून नमस्कार केला.

खराब टेप फळीवरून खाली आल्या. त्यांच्यात तिला अपेक्षा होती ते सगळं मिळालं, आणि एका खोक्याच्या तळाशी अपेक्षा नव्हती तेही. माफीची टेप. ती तिने लावली, एकदा बघितली, बंद केली. ही टेपसुद्धा संग्रहात जाणार होती, संकेतस्थळावर, कुणीही कधीही बघावी अशी. ती गुपचूप पुसून टाकणं सहज जमलं असतं. तिने पुसली नाही. तिने ती फितीत घेतली, आणि ती कुठे ठेवायची हे ठरवायला तिला क्षणही लागला नाही.

दादाला सभागृहात आणणं हे खरं काम होतं. निवृत्त झाल्यापासून तो विद्यापीठाच्या फाटकासमोरूनही जात नसे, दूध आणायला लांबच्या रस्त्याने जायचा. कात्रीने त्याला एवढंच सांगितलं, की फितीच्या सुरुवातीला तुझा आवाज आहे. ते खोटं नव्हतं. दादा म्हणाला, “असू दे.” वहिनीने त्याचा इस्त्रीचा शर्ट खुर्चीवर टाकला आणि ती चप्पल घालून दारात उभी राहिली. ती तशी उभी राहिली की पुढे चर्चा होत नसे.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत साहेब, बाजूला पाहुणे, मागे मुलं गॅलरीपर्यंत. कात्रीने दादा-वहिनीला मधल्या रांगेत बसवलं आणि स्वतः वर यंत्राच्या खोलीत गेली. तिथल्या काचेतून तिला पडद्याआधी साहेबांची मान दिसत होती. तिला तेवढीच हवी होती.

अंधार झाला. “ज्ञानाच्या या प्रांगणात... पाऊल ठेवताच...” दादाचा तरुण आवाज सभागृहभर पसरला. मागे एका मुलाने दुसऱ्याला विचारलं, हा कोण रे, काय आवाज आहे. वहिनीने शेजारी बघितलं. दादाचे ओठ आवाजाबरोबर हलत होते.

पायाभरणी झाली, पहिला पदवीदान समारंभ झाला, खो-खोचे सामनेसुद्धा झाले. आणि मग पडद्यावर दादा आला. रंगमंच, पांढरा शर्ट, खाली गेलेली नजर. “साहेब असे बोलत नाहीत. मी केलेली नक्कल खोटी होती.”

मधल्या रांगेत दादा उठला. वहिनीने त्याची बाही धरली. तो सोडवायला बघत होता, ती सोडत नव्हती. वर काचेमागे कात्रीने हे पाहिलं. तिने त्याला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, म्हणूनच विचारलं नव्हतं.

पुढच्या क्षणी पडद्यावर साहेब आले. तरुण, केस मागे, हँगर आत. “आपल्या विद्यापीठाने, त्या दृष्टीने, गेल्या दशकात, त्या दृष्टीने...”

कुठे कारंजं नाही. पाण्याचा थेंब नाही. नुसते साहेब, उघडे, भिंतीएवढे. ती मुलाखत संपली, पुढची लागली, थोडे जाड झालेले साहेब, “त्या दृष्टीने”. मग कुलसचिव साहेब, “त्या दृष्टीने, त्या दृष्टीने”. मग कुलगुरू साहेब. माणूस म्हातारा होत होता, शब्द मात्र तसाच ताजा. गॅलरीत आधी कुणीतरी खोकल्यासारखं केलं. मग एका पोरीचं हसू फुटलं, आणि तिच्यामागून सभागृह फुटलं. मुलं पुढचा ‘त्या दृष्टीने’ यायच्या आधीच तो म्हणायला लागली, गाण्याच्या ध्रुवपदासारखा. प्राध्यापक रुमालात तोंड घालून हलत होते. चौकशी समितीतले एक म्हातारे अजून हयात होते. ते नखं बघत होते.

साहेबांची मान आधी ताठ होती. मग ती थोडी वाकडी झाली, आपल्याला कुणी मागून हाक मारतंय का हे ऐकणाऱ्यासारखी. पडद्यावर काय चाललंय हे त्यांना तिसऱ्या मुलाखतीला कळलं. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले. कात्रीने वरून डोळे भरून बघितलं. तिला दया यायला हवी होती, असं पुढे वहिनी म्हणाली. कात्री म्हणाली, मी वाट बघितली, पण आली नाही.

दिवे लागल्यावर साहेब बोलायला उठले. माइकसमोर गेले. “आता जी फीत आपण पाहिली, त्या...” म्हणाले, आणि थांबले. सगळं सभागृह पुढच्या शब्दाची वाट बघत होतं. साहेबांनी तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. शेवटी त्यांनी हात जोडले आणि ते खाली उतरले.

बाहेर पायऱ्यांवर दादा उभा होता. कात्री त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. ओरडा खायची तयारी करूनच आली होती.

“मला विचारायचं होतंस,” दादा म्हणाला.

“हो.”

“त्या टेपमध्ये मी केवढासा दिसतो.”

“हो, दादा.”

तो कारंज्याकडे वळला. मुलं घोळक्याने खाली उतरत होती, ‘त्या दृष्टीने’ म्हणत, एकमेकांना ढकलत. एकालाही नीट जमत नव्हतं. दादाच्या कपाळावर आठी पडली.

“माझी नक्कल खोटीच होती,” तो म्हणाला. “मी एका वाक्यात दोनदा घ्यायचो. लोकांना अति वाटेल म्हणून हात आखडता घेतला. तो चारदा घेतो. आणि तिसऱ्याला नाकातून.”

वहिनीने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, घरी चला आता.

दोन दिवसांनी साहेब स्वतः चित्रफीत विभागात आले. इतक्या वर्षांत त्यांनी ही खोली आतून पाहिली नव्हती. यंत्रांकडे, फळ्यांकडे, ‘खराब’ लिहिलेल्या ओळीकडे बघत ते उभे राहिले. कात्रीने खुर्ची दिली नाही. ते सावकाश बोलले, प्रत्येक शब्दाआधी तपासत, काचा पडलेल्या जमिनीवर अनवाणी चालावं तसे. म्हणाले, फीत संकेतस्थळावर जायच्या आधी तेवढं जरा काढता आलं तर.

“काय काढू, साहेब?”

“ते. मी जे मध्येमध्ये.”

“मध्येमध्ये काय?”

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. कात्रीने खुर्ची ओढली, ती स्वतः बसली आणि इतकी वर्षं जपून ठेवलेलं वाक्य शांतपणे त्यांच्यापुढे ठेवलं.

“तुम्ही असं बोलतच नाही, साहेब. हवं तर टेप बघा.”

साहेब वळले. मग दाराशी जाऊन म्हणाले, “बरं. मी... येतो मग.” ‘मी’ आणि ‘येतो’च्या मध्ये एक फट होती, बरोब्बर त्या शब्दाच्या मापाची. तशा फटी कात्रीने आयुष्यभर कारंजं लावून बुजवल्या होत्या. ही तिने उघडीच राहू दिली.

रात्री जेवताना तिने सगळं सांगितलं, शब्दन् शब्द. दादा घास हातात धरून ऐकत होता. त्या फटीपाशी आली तेव्हा त्याने तिला थांबवलं आणि परत सांगायला लावलं. केवढी फट? श्वास घेतला होता का सोडला होता? मग त्याने घास खाली ठेवला, केस मागे वळवले, खांदे वर घेतले.

“बरं. मी,” तो म्हणाला, आणि मग काहीच म्हणाला नाही. तोंड अर्धवट उघडं, नाकपुडी थोडी फुललेली. “येतो मग.”

वहिनी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. “अहो, पण मध्ये तुम्ही काहीच बोलला नाहीत.”

“तेच तर अवघड आहे,” दादा म्हणाला, आणि चहाची वेळ नसताना त्या जुन्या आवाजात अर्धा कप मागितला.